डब्याला बांधलेली किल्ली

"शेवटचा थेंब पडल्याशिवाय पान्याला हात लावायचा न्हाई," आप्पा म्हणाले.

मी गाडीखाली उताणी पडले होते. नाकापासून वीतभर अंतरावर इंजिनाचं पोट होतं आणि त्यातून जुनं काळं ऑइल खाली कापलेल्या डब्यात गळत होतं. आधी बोटाएवढी धार, मग दोऱ्याएवढी, आणि आता थेंब. एक थेंब पडायचा, आणि पुढचा पडू की नको असा विचार करत तिथेच लोंबकळत राहायचा.

"आप्पा, झालं की आता. राहिलं थोडं तर काय बिघडतंय?"

"राहिलेलंच बिघडवतंय. सगळा गाळ त्याच्यातच असतोय."

"दादा अकराला येणार आहे."

"येऊ दे की. कोण येतंय म्हणून तेल पटापट गळत न्हाई."

आप्पा बाजूला पाटावर बसून होते. मला गाडीखालून त्यांची फक्त पावलं दिसत होती. ती अगदी शांत होती, आणि मला त्याचाच राग येत होता. ज्यांची परीक्षा होती ते निवांत बसले होते आणि घाई मलाच झाली होती.

ती खंडेनवमीची सकाळ होती. मी तेवीस वर्षांची होते. गाडी म्हणजे दोन माणसांची, लाल, छत मागे पडणारी, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. आमच्यासारख्या लोहारांच्या घरात अशी गाडी कुठून आली, हा प्रश्न आख्ख्या गल्लीला पडून गेला होता. आप्पा एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर होते. मालकांच्या मुलाने हौसेने ती गाडी आणली, वर्षभरात झाडावर घातली आणि ती कारखान्यामागे ताडपत्रीखाली पडून राहिली. आप्पा निवृत्त झाले तेव्हा मालकांनी विचारलं, "पिराजी, काय देऊ?" आप्पांनी ताडपत्रीकडे बोट दाखवलं. पुढची चार वर्षं ते एकेक पार्ट घासत, कातत बसले. जे मिळालं नाही ते त्यांनी ओळखीच्या लेथवर स्वतः बनवलं. आई म्हणायची, एवढा वेळ मला दिला असता तर मी पण अशीच चकाकले असते.

आणि आता रणजितदादा ती गाडी बंद करायला येत होता.

दादा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. तो पुण्यात नोकरीला होता आणि घरची काळजी फोनवरून करायचा. त्या वर्षी आप्पांच्या हातून दोन गोष्टी झाल्या होत्या. एकदा गॅस चालू ठेवून ते बाहेर गेले. एकदा मंडईत स्कूटर लावली आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी स्कूटर चोरीला गेली म्हणून आम्ही शोधतोय, तर ती बिचारी मंडईत जिथल्या तिथे उभी. दादाने फोनवर सांगितलं, "आप्पा, आता गाडी चालवायची नाही. किल्ली माझ्याकडं द्या."

आप्पा म्हणाले, "नवमीला ये. तुला शेजारी बसवून फिरवून आणतो. एक चूक दाखव आणि किल्ली खिशात घालून जा."

मग काय, मी आप्पांच्या बाजूने कंबर कसली. त्यांचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून खाली मी शिरले. एरवी मला त्या गाडीचं फार कौतुक होतं असं नाही. पण आप्पा स्टिअरिंगवर बसले की त्यांची मान ताठ व्हायची, ती मला बघायला आवडायची.

सकाळी साडेसहाला आप्पांनी इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं. जॅक त्या बुटक्या गाडीखाली जायचाच नाही, म्हणून रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरला उतार पाडून त्यांनी दोन ठोकळे बनवले होते. त्यांवर त्यांनी गाडी चढवली, बंद केली, आणि मग त्यांचं ते नेहमीचं काम केलं. किल्ली काढून नव्या ऑइलच्या डब्याच्या मुठीला सुतळीने बांधली.

हा त्यांचा नियम होता. तरुणपणी कारखान्यात कुणीतरी ऑइल काढून ठेवलं, दुसऱ्या कुणीतरी येऊन इंजिन सुरू केलं आणि सगळं जाम झालं. तेव्हापासून ऑइल काढलं की किल्ली नव्या डब्याला बांधायची. डबा इंजिनात रिकामा झाल्याशिवाय किल्ली सोडायची नाही. "मग कुणाला विचारायला नको, कुणी सांगायला नको," ते म्हणायचे. "किल्ली डब्यावर हाय तर इंजिन उपाशी. किल्ली सुटली तर इंजिन जेवलं."

गाठही त्यांची ठरलेली. सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटणारी. आप्पा कधी सुतळी कापायचे नाहीत. मिठाईच्या पुड्याची दोरीसुद्धा बसून सोडायचे आणि एका रिळाला गुंडाळून ठेवायचे. आम्ही मुलं तोपर्यंत पुड्याकडे बघत तडफडायचो.

नऊच्या सुमाराला आई पडवीत आली. "वैजे, हत्यारं आण. पूजा मांडायची हाय. किती वेळ?"

"आप्पांना विचार. शेवटच्या थेंबाची वाट बघतायत."

"थेंब बिंब काय न्हाई. लोखंड पूजेला बसलं की उद्या सोनं वाटेपर्यंत त्याला हात लावायचा न्हाई, म्हाईत हाय न्हवं? आता काय ते उरकून घ्या."

शेवटी आप्पांनी खाली डोकं घालून बघितलं आणि मान हलवली. मी तळाचा बोल्ट नव्या तांब्याच्या वॉशरसकट आवळला, फिल्टर बदलला, आणि आम्ही दोघांनी गाडी ठोकळ्यांवरून ढकलून सपाटीवर आणली. आप्पा टॉवेल घेऊन आंघोळीला निघाले. जाताना म्हणाले, "तेल भर. मापाची पट्टी बघ. मग किल्ली सोड."

"हो, आप्पा."

"काय करशील?"

"तेल भरतो, पट्टी बघतो, किल्ली सोडतो." आमच्याकडे मुलीही येतो-जातोच म्हणतात.

मी पाने पुसून आईकडे नेऊन दिले. पाने, पक्कड, हातोडी, छिन्नी, आप्पांचं कॅलिपर, सगळं चौरंगावर बसलं. आईने गाडीजवळचं नरसाळंही उचलून आणलं.

"आई, ते राहू दे. ऑइल ओतायचं आहे."

"नरसाळं काय लाकडाचं हाय? बसू दे पूजेला."

"अगं, त्याच्याशिवाय ओतू कसं?"

"कागदाचं कर. एवढी शिकलीस न्हवं?" तिने नरसाळ्याला हळदीकुंकू लावूनसुद्धा टाकलं. आता त्याला हात लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण होतं. "आणि गाडीची किल्ली दे. ताटात किल्ली नको? वाहनाची पूजा किल्लीशिवाय कशी व्हायची?"

मी डब्याकडे गेले. हात ऑइलने बरबटलेले होते. सुतळीचं एक टोक ओढलं, ते चुकीचं निघालं. गाठ घट्ट झाली. दुसरं ओढलं तर बोटं घसरली. नखं लावली, दात लावले. तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. दादा स्टँडवर उतरला होता, तासभर आधीच. "रिक्षावाले काहीच्या काही सांगतायत. मोपेड घेऊन ये."

आई आतून ओरडत होती, "किल्ली!" दादा फोनमधून म्हणत होता, "येतीस ना?" आणि ती गाठ काही सुटत नव्हती. आईची झेंडूच्या माळेची कात्री ओट्यावर पडली होती. मी कात्री घेतली, सुतळी कापली, किल्ली ताटात टाकली, डबा जिन्याखाली सरकवला. म्हटलं, पाच मिनिटांत दादाला घेऊन येते, पूजा तोवर काही होत नाही. येताना वर्तमानपत्राचं नरसाळं करू आणि ओतू.

आईला जाताना ओरडून सांगायलाही मी थांबले नाही. काय सांगायचं तेही माझ्या डोक्यात नीट आलं नाही. दादा आला, दादा आला, एवढंच डोक्यात होतं.

स्टँडवर दसऱ्याची गर्दी होती. दादाला शोधण्यात वेळ गेला, मग त्याने आईसाठी पेढे घ्यायला थांबवलं. वाटेत तो मागे बसून बोलत होता.

"वैजू, तू मला विरोधात धरू नको. उद्या कुणाला उडवलं तर?"

"आप्पा तुझ्यापेक्षा बरे चालवतात."

"चालवतात गं. विसरतात, त्याचं काय?"

"दोनदा विसरले. तू शाळेत दप्तर किती वेळा विसरलास?"

तो हसला. खरं तर त्याचं मन वळायला आलं होतं, असं मला त्याच्या हसण्यावरून वाटलं. "बघू," तो म्हणाला. "आज बसतो त्यांच्या शेजारी. बघू."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. तालमीसमोर हलगी वाजत होती. आणि समोरून, चढ चढत, आमची लाल गाडी येत होती.

छत मागे टाकलेलं. बॉनेटवर कुंकवाची बोटं, पुढे नारळाचं पाणी ओघळलेलं, आरशांना झेंडूच्या माळा. आप्पांनी पांढरा शर्ट आणि टोपी घातली होती. मान ताठ. दोन्ही बाजूंनी लोक उभे राहून बघत होते. लिंबं चिरडून झाली होती, आणि मुलगा यायच्या आत त्यांना तालमीच्या मारुतीपर्यंत फेरी मारून आणायची होती. मुलाने यावं आणि समोर हे बघावं, एवढीच त्यांची हौस.

"अरे व्वा!" दादा मागून म्हणाला. मनापासून म्हणाला.

मलाही आनंद झाला. दोन क्षण. मग डोळ्यांसमोर जिन्याखालचा डबा आला. भरलेला.

"आप्पा, बंद करा!" मी मोपेड टाकून धावले. "बंद करा! बंद!"

हलगीत त्यांना काही ऐकू गेलं नाही. लेथवर चौतीस वर्षं काढलेले कान, तसेही अर्धेच राहिले होते. त्यांना वाटलं, मी आनंदाने ओरडतेय. त्यांनी हॉर्न वाजवला आणि माझ्याकडे बघून हात हलवला. ऑइलचा लाल दिवा लागलेला असणार, पण आईने डॅशबोर्डवर झेंडूची भलीमोठी माळ पसरली होती.

मग तो आवाज आला. आधी लोखंडाच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा. मग एक कर्कश ओरखडा, आणि गाडी जागच्या जागी थांबली. चाकं चढावर थोडी मागे सरली आणि आप्पांनी ब्रेक दाबला. हलगीवाल्याचे हातही थांबले.

आप्पा उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइल बघायची पट्टी ओढून काढली आणि उन्हात धरली. तिच्यावर नुसता काळसर ओशटपणा होता. त्यांनी ती शर्टाच्या बाहीला पुसली, परत आत घातली, परत काढली. शुभ्र बाहीवर काळी रेघ उमटली.

"आप्पा," दादा हळू आवाजात म्हणाला, "ऑइल भरलं नव्हतं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिशेब लागत नसला की माणूस बघतो, तसं.

"वैजू, किल्ली डब्यावरनं कुणी सोडली?"

मी सांगणार होते. खरंच सांगते, तोंड उघडलं होतं. पण समोर दादा उभा होता, गल्ली उभी होती, आई पदर सावरत धावत येत होती, आणि चार वर्षं घासलेलं ते इंजिन माझ्यामुळे मेलं होतं. तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"तुम्हीच सोडली, आप्पा. आंघोळीला जायच्या आधी."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी?"

"हो."

"असंल," ते म्हणाले. "असंल बाबा."

त्यांनी किल्ली काढली आणि दादाच्या हातात ठेवली. दादाने घेतली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला जिंकायचं नव्हतं. आमच्या घरात त्या दिवशी कुणालाच जिंकायचं नव्हतं, आणि हरले फक्त आप्पा. गल्लीतल्या लोकांनी गाडी ढकलत घरी आणली. ताडपत्री परत तिच्या अंगावर चढली.

त्यानंतर आप्पांना सगळे सगळं दोनदा विचारायला लागले. गॅस बंद केला का? केला का नक्की? गोळी घेतली का? आई त्यांना दूध आणायला पाठवताना चिठ्ठी द्यायला लागली. ते ती चिठ्ठी मुकाट्याने खिशात घालायचे. मी दोन महिन्यांनी पुण्यात नोकरी धरली आणि निघून गेले. पळून गेले म्हणा. दरवर्षी खंडेनवमीला मला काही ना काही काम निघायचं. कधी ऑफिस, कधी सासरचं कुणी आजारी. सणाच्या आदल्या दिवसापासून मला घरात एका जागी बसवत नसे, आणि नवरा विचारायचा, तुला या दिवसांत होतं तरी काय?

अकरा वर्षांनी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला जावंच लागलं. नवमीच्या सकाळी आई पलंगावरून म्हणाली, "हत्यारं पुसून चौरंगावर मांड. मला काय बसता येत न्हाई खाली."

मी आप्पांची पेटी पडवीत घेऊन बसले. आप्पा शेजारी त्याच पाटावर येऊन बसले. आता ते सत्त्याहत्तरचे होते, थकलेले, पण पाने मी कुठल्या क्रमाने ठेवतेय यावर बारीक लक्ष. मी एकेक हत्यार पुसत होते. पेटीच्या तळाशी तंबाखूची जुनी डबी निघाली. तांब्याच्या वॉशर ते त्यात ठेवायचे. मी ती पुसायला उघडली.

वॉशर नव्हत्या. सुतळीचा एक तुकडा होता. मधे गाठ शाबूत होती, आणि गाठीखालचा फास कात्रीने कापलेला. कापलेल्या टोकांवर ऑइलचे काळे डाग होते, माझ्या बोटांचे.

मी डबी तशीच आप्पांसमोर धरली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी सांजच्याला. डबा उचलायला गेलो जिन्याखालनं, तर ही ओट्याखाली पडलेली." आप्पा पुढे वाकले आणि त्यांनी डबीतली सुतळी उचलली. "मी सोडतोय. कापत न्हाई."

"मग बोलला का नाही, आप्पा?"

"म्हटलं, एवढ्या लोकांत घाबरली असंल पोरगी. आज सांगंल, उद्या सांगंल." त्यांनी जवळचा पाना रांगेत सरळ केला. "मग तू पुण्याला गेलीस."

"दादाला तरी सांगायचं होतंत. किल्ली परत मिळाली असती."

"किल्लीचं काय घेऊन बसलीस. इंजिन कुठं राहिलं होतं?" त्यांनी सुतळी बोटांत फिरवली. "खरं सांगू? सगळी दोनदा-दोनदा विचारायला लागली की मलाबी वाटायचं अधनंमधनं. म्हणायचो, खरंच आपलं डोकं गेलं वाटतं. असं झालं की ही डबी उघडायचो. गाठ बघायचो. म्हणायचो, न्हाई पिराजी, त्या दिवशी तू न्हाई विसरलास."

अकरा वर्षं तो माणूस आपण शहाणे आहोत हे एका डबीत बघून यायचा, आणि त्याचा साक्षीदार दोनशे किलोमीटरवर कामाची निमित्तं शोधत होता. मला रडू आलं, पण रडायचाही अधिकार आपल्याला नाही असं वाटलं. मी ऑइलच्या फडक्याने नाक पुसलं आणि फोन हातात घेतला.

"कुणाला लावतीस?"

"दादाला."

"आज सणाचं कशाला..."

"आजच, आप्पा."

दादाने उचलला. मागे त्याच्या मुलांचा गोंधळ ऐकू येत होता. मी म्हटलं, "दादा, आईजवळ आहे. आप्पा समोर बसलेत. त्या दिवशी किल्ली आप्पांनी सोडली नव्हती. मी कापली होती. ऑइल मी भरलं नव्हतं. आणि तुझ्यासमोर खोटं मी बोलले."

पलीकडचा गोंधळ अचानक थांबला. दादा बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला असावा. मग तो म्हणाला, "आप्पांना दे."

मी फोन पुढे केला. आप्पांनी लगेच घेतला नाही. त्यांनी आधी सुतळीचं एक टोक शोधलं आणि चिमटीत धरून ओढलं. गाठ सुटली. मग त्यांनी खिशातलं रीळ काढून तो तुकडा बाकीच्या दोरीवर गुंडाळला आणि फोनसाठी हात पुढे केला.